अँजिओग्राफी क्लिअर आल्यानंतर

"काकू, नळ्या एकदम स्वच्छ आहेत. कुठेही ब्लॉक नाही." कॅथलॅबमधल्या डॉक्टरांनी मला हे टेबलावरच सांगितलं आणि मी बाहेर येईपर्यंत बातमी कॉरिडॉरभर झाली होती. आमचे हे डोळे पुसत होते. मुलगा फोनवर कुणाला तरी "काही नाही रे, टेन्शनमुळे झालं" सांगत होता. धाकट्या जाऊबाई तर सिद्धिविनायकाला कधी जायचं इथपर्यंत पोचल्या होत्या. हार्ट अटॅक नाही म्हटल्यावर माझाही जीव भांड्यात पडला. मला झालेल्या ताकोत्सुबो नावाच्या हृदयाच्या आजारात खरी काळजीची वेळ इथून पुढे सुरू होते, हे त्या कॉरिडॉरमध्ये एकाच माणसाला माहीत होतं, आणि ती व्यक्ती माझ्या ट्रॉलीच्या मागून फाइल वाचत चालत होती. तिच्याबद्दल पुढे सांगते.

आम्ही लालबागला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. बिल्डिंग १९४० च्या आधीची, म्हणजे दुरुस्तीचा सेस भरणाऱ्या जुन्या इमारतींतली ए कॅटेगरी. रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा ऐकत माझी सून सासू व्हायची, असं आम्ही चेष्टेने म्हणायचो. जुलैमधल्या एका दुपारी, पावसाने दोन दिवस झोडपल्यावर, आमच्या दारासमोरचा कॉमन गॅलरीचा तुकडा कठड्यासकट खाली चौकात गेला. नातू तिथे सायकलशी खेळत होता. निदान माझी तशी समजूत होती, कारण मी मागच्या खोलीत कपडे घड्या करत होते आणि घंटीचा आवाज नुकताच ऐकला होता. मी धावले तेव्हा दाराबाहेर धूळ होती आणि धुळीच्या पलीकडे जमीनच नव्हती. मी ओरडलेही नाही. आवाज फुटेना. मग पाठीमागून "आजी, काय पडलं?" असं आलं. साहेब मोरीजवळ उभे, हातात बिस्किटाचा पुडा.

कुणालाही खरचटलं नाही. सायकल मात्र गेली.

फायर ब्रिगेडने सगळ्यांना खाली उतरवलं. आम्हाला समोरच्या गणेश मंडळाच्या ऑफिसात बसवलं, कुणीतरी चहा दिला. तो कप हातात असतानाच छातीत मधोमध आवळल्यासारखं झालं. दोन्ही खांदे भरून आले, घाम फुटला आणि उलटी झाली. मंडळाच्या पोरांनी वेळ न घालवता टॅक्सीत घातलं. आधी पाणी पाजा, आधी पडू द्या, असलं काही कुणी केलं नाही, हे माझं नशीब.

कॅज्युअल्टीत ईसीजी काढला तर तो थेट हार्ट अटॅकसारखा. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते ट्रोपोनिनही वाढलेलं. म्हणून लगेच मनगटातून अँजिओग्राफी, आणि ती क्लिअर. मग बिनसलं कुठे, ते टूडी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत दिसलं. हृदयाचा डावा कप्पा आकुंचन पावताना त्याचा वरचा भाग जोर लावत होता आणि खालचं टोक हलायचं नावच घेत नव्हतं, नुसतं फुग्यासारखं फुगून राहत होतं. पंपिंग ६० च्या आसपास असायला हवं, ते ३० टक्के. ताकोत्सुबो, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. १९९० मध्ये हिरोशिमाच्या डॉक्टरांनी प्रथम वर्णन केलेला आजार. तिकडे ऑक्टोपस पकडायचं मडकं असतं, त्यावरून नाव. अचानक प्रचंड धक्का बसला की अ‍ॅड्रिनलिन आणि त्याच्या भावंडांचा लोंढा रक्तात येतो आणि हृदयाचा स्नायू तात्पुरता बधिर होतो. जपानमध्येच २००४ च्या नीगाता भूकंपानंतर त्या भागात या आजाराचे पेशंट एकदम वाढले होते. गॅलरी कोसळण्यावरून त्यांना भूकंप आठवला असावा.

"मग आई आता आउट ऑफ डेंजर ना?" मुलाने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "पंपिंग काही आठवड्यांत परत येईल. तोवर ठोक्यांवर लक्ष ठेवायचंय."

ते लक्ष ठेवणारी बाई म्हणजे आयसीसीयूची, हृदयाच्या अतिदक्षता विभागाची रेसिडेंट डॉक्टर, माझ्या ट्रॉलीमागून फाइल वाचत चालणारी ती हीच. लातूरकडची, तिशीच्या आतली, केसांना चिमटा आणि खिशात कंपासपेटीतल्या कर्कटकासारखं दोन टोकांचं कॅलिपर. सकाळ-संध्याकाळ ईसीजी निघाला की ती माझ्या बेडच्या पायाशी येऊन तो पालथ्या ट्रेवर पसरायची आणि कॅलिपरची टोकं लावून मोजायची. मी आयुष्यभर एमटीएनएलच्या एक्सचेंजमध्ये काढलंय, जानेवारी २०२० मध्ये बाकीच्या हजारोंबरोबर व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेतली. कुणी सिग्नल मोजत असलं की मला गप्प बसवत नाही. मी विचारलं, काय मोजताय? दुसरी कुणी असती तर "काकू, तुम्ही आराम करा" म्हणाली असती. हिने कागद माझ्यासमोर धरला.

ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे एक बारीक चौकट ४० मिलिसेकंद, एक मोठी चौकट २००. हृदयाचा मोठा ठोका जिथे सुरू होतो तिथपासून त्याच्यामागच्या बुटक्या लाटेच्या शेवटापर्यंतचं अंतर म्हणजे क्यूटी. ठोक्यांच्या वेगाप्रमाणे हिशेब करून जो आकडा येतो तो बायकांमध्ये साधारण ४६० पर्यंत चालतो. ५०० च्या वर गेला की डॉक्टरांची झोप उडते. कॅज्युअल्टीतल्या कागदावर माझा ठीक होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो ५६० झाला. आणि ती बुटकी लाट, जी वर असायला हवी, ती खाली उलटी पडून खोल दरीसारखी रुंद झाली होती. एकामागोमाग एक, सगळ्या पट्टीभर.

तिने मला याचा अर्थ सांगितला तो मी माझ्या भाषेत सांगते. कॉल संपला तरी लाइन लगेच मोकळी होत नाही, एक्सचेंजला ती सोडवून पुढच्या कॉलसाठी तयार करायला क्षणभर लागतो. हृदयाच्या स्नायूचंही प्रत्येक ठोक्यानंतर तसंच. ताकोत्सुबोत सुजलेलं टोक तयार व्हायला फार उशीर लावतं आणि वरचा भाग मात्र वेळेवर तयार असतो. अशा अर्धवट अवस्थेत एखादा चुकार ठोका मध्येच पडला, तर विजेचा प्रवाह सरळ न जाता गोल गोल फिरायला लागतो. हे बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. नेमकं तेव्हा, जेव्हा छातीतलं दुखणं थांबलेलं असतं, पेशंट उठून बसलेला असतो आणि नातेवाईक डिस्चार्ज कधी म्हणून विचारत असतात. मीही त्या संध्याकाळी वरणभात मागून घेतला होता.

क्यूटी वाढलेला पाहिल्यावर तिने माझी अख्खी औषधं खणून काढली. त्यात तीन गोष्टी सापडल्या. घशाच्या इन्फेक्शनसाठी फॅमिली डॉक्टरांनी दिलेला अझिथ्रोमायसिनचा कोर्स त्याच आठवड्यात चालू होता. उलटी थांबावी म्हणून ऑनडान्सेट्रॉनचं इंजेक्शन दिलं गेलं होतं. ही दोन्ही औषधं क्यूटी लांबवतात. आणि बीपीच्या ज्या गोळ्या मी वर्षानुवर्षं घेत होते त्यांत लघवी वाढवणारं औषध होतं, त्याने पोटॅशियम कमी होतं. त्यात उलट्यांची भर. माझं ३.२ आलं. एकेकटी यातली कुठलीच गोष्ट वावगी नाही. घसा दुखणाऱ्या शेकडो लोकांना अझिथ्रोमायसिन दिलं जातं आणि ते बरे होतात. पण सगळ्या एकाच वेळी एका सुजलेल्या हृदयावर आल्या.

अझिथ्रोमायसिन बंद झालं, ऑनडान्सेट्रॉनवर फाइलीत लाल पेनाने काट मारली गेली, पोटॅशियमची ड्रिप लागली. ही ड्रिप ज्यांना लागलीय त्यांना ठाऊक असेल, शिरेतून कुणी तिखटाचं पाणी सोडल्यासारखी झोंबते. सिस्टरांनी वेग कमी केला तरी कोपरापर्यंत हात ठणकत होता. पोटॅशियम नुसतं नॉर्मल नको, ४.५ च्या वर हवं, असं ती फोनवर कुणाला तरी सांगत होती.

ते तिथवर पोचण्याआधीच रात्र झाली.

मला आठवतं ते इतकंच: समोरच्या बेडवरचे आजोबा खोकत होते, मी पाणी मागायला मान वळवली आणि दिवे मंद झाले. वाटलं, लाइट गेली. परत डोळे उघडले तेव्हा सिस्टर माझा गाल थापटत होत्या. पहिल्यांदा ते आपलं आपण थांबलं होतं. दुसऱ्यांदा थांबलं नाही. त्याचं मला काहीच आठवत नाही, पण मॉनिटरमधून निघालेल्या पट्टीची झेरॉक्स माझ्या फाइलमध्ये आहे. सुरुवातीला चार सरळ ठोके, मग एक लवकर आलेला, मग एक लांबलचक थांबा, त्यानंतर एकच ठोका, आणि त्याच्या पाठीवर ती सगळी वळवळ. टोकं आधी वरच्या बाजूला मोठी होत जातात, मग बारीक होतात, मग खालच्या बाजूला मोठी. जणू रेघेभोवती पीळ पडत जातोय. टॉरसाड द प्वाँत म्हणतात याला. १९६६ मध्ये देसर्तेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी एका ८० वर्षांच्या बाईच्या ईसीजीवरून हे पहिल्यांदा मांडलं. तिचे ठोके मधूनच फार मंद व्हायचे. माझ्याही पट्टीत तो लांब थांबा आहेच. पट्टीच्या शेवटी एक उभा काळा पट्टा आहे, तो शॉक. त्यानंतर हृदय थोडा वेळ गप्प आणि मग पुन्हा नीट.

छातीवर दोन जागी इस्त्रीचा चटका बसल्यासारखी कातडी लाल झाली होती. ती आठवडाभर हुळहुळत होती.

त्या धावपळीत काय केलं नाही, हे मला नंतर कळलं आणि ते मला केलेल्या गोष्टींइतकंच मोलाचं वाटतं. ठोके बिघडले की नेहमी हाताशी असतं ते औषध म्हणजे अमिओडॅरोन. ते स्वतःच क्यूटी लांबवतं, म्हणून दिलं नाही. शिरेतून २ ग्रॅम मॅग्नेशियम दिलं. मॅग्नेशियमची रक्तातली पातळी नॉर्मल असली तरी या झटक्यांत ते द्यायचंच असतं. मग प्रश्न उरला त्या लांब थांब्यांचा. ठोके वाढवले की थांबे पडत नाहीत आणि क्यूटीही आखडतो. एरवी त्यासाठी आयसोप्रिनालिनची ड्रिप चालते. पण ते अ‍ॅड्रिनलिनच्याच कुळातलं, आणि माझं हृदय आडवं पडलं होतं तेच मुळी अ‍ॅड्रिनलिनमुळे. आगीत तेल ओतण्यातला प्रकार. म्हणून मध्यरात्री मोठ्या डॉक्टरांना बोलावून मांडीच्या शिरेतून तात्पुरत्या पेसमेकरची तार टाकली आणि मिनिटाला ९० वर ठोके बांधून टाकले.

ती तार असताना पाय सरळ ठेवायचा. कूस बदलायची नाही. बेडपॅनचा प्रकार तर विचारू नका. उशाशी ट्रान्झिस्टरएवढा डबा, त्यावर दर ठोक्याला लुकलुकणारा बारका दिवा, आणि तो दिवा पाहून झोप येत नाही म्हणून मी त्यावर नॅपकिन टाकला तर सिस्टर माझ्यावर खेकसल्या. बरोबरच होतं त्यांचं.

दरम्यान एक वेगळाच प्रश्न आला. क्यूटी लांब असणं काही घराण्यांत जन्मजात असतं. माझं तसं तर नाही ना? घरात कुणी पोहताना, धावताना, दचकून एकदम गेलंय का, कुणाला फीट समजून वर्षानुवर्षं गोळ्या दिल्यात का, असं सगळं डॉक्टरांनी खोदून विचारलं. तसं कुणी नव्हतं. मग त्यांनी मागितला माझा जुना ईसीजी. तो होता, मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या फिटनेससाठी काढलेला, पण घरातल्या गोदरेजच्या कपाटात, आणि घराच्या दाराशी जायला गॅलरी उरली नव्हती. पोलिसांनी जिन्यावर कुणाला सोडलं नाही. शेवटी कागदपत्रं काढायला प्रत्येक घरातल्या एकाला फायर ब्रिगेडच्या जवानाबरोबर वर नेलं, तेव्हा शेजारच्यांच्या खिडकीतून फळी टाकून मुलगा आत गेला. लोक दागिने आणि पागडीच्या पावत्या घेऊन उतरत होते, हा माझी मेडिकलची फाइल घेऊन उतरला.

ईसीजीचा मूळ कागद उडून पांढराफट्ट झालेला. तो गुळगुळीत कागद उष्णतेवर छापतो, प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला की काही वर्षांत रेघ नाहीशी होते. पण आमचे हे बेस्टमध्ये होते, आणि बेस्टच्या माणसाला प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढायची खोड असते. मी त्यावरून त्यांना किती बोलले असेन! झेरॉक्सवर रेघ स्वच्छ होती. क्यूटी ४३०. म्हणजे लांबी या आजाराची, जन्माची नव्हे. मुलाच्या आणि नातवाच्या तपासण्या करायची वेळ त्या एका झेरॉक्समुळे टळली.

मुलाने मग इंटरनेटवर वाचून विचारलं, शॉक देणारं मशीन कायमचं बसवून टाकूया का? मोठे डॉक्टर नाही म्हणाले. पंपिंग सुधारलं आणि क्यूटी परत आला की धोका ओसरतो. चार-सहा आठवड्यांच्या भीतीपायी जन्मभर छातीत मशीन आणि दर काही वर्षांनी बॅटरी, हा सौदा त्यांना पटत नव्हता. परदेशात मधल्या काळापुरतं अंगावर घालायचं शॉकचं जॅकेट काही पेशंटना देतात. मला त्यांनी क्यूटी ५०० च्या बऱ्यापैकी खाली येईपर्यंत मॉनिटरवरून हलवलंच नाही, इतकंच. आमच्या मेडिक्लेमच्या माणसाला हे पटवायला मात्र वेळ गेला. अँजिओग्राफी नॉर्मल असलेला पेशंट इतके दिवस आयसीसीयूत कशाला, असं त्याचं म्हणणं. त्याला मी दोष देत नाही, माझ्या सख्ख्या जाऊबाईंचंही तेच म्हणणं होतं.

आणि इथे मला थोडं भांडायचंय. भेटायला येणारा प्रत्येक जण मला मन खंबीर कसं करायचं ते सांगून गेला. ध्यान कर, नामस्मरण कर, मनाला लावून घ्यायचा स्वभाव सोड. नातू गेला असं काही क्षण वाटलेल्या आजीने ते मनाला लावून घ्यायचं नाही तर कुठे लावायचं? शिवाय हा आजार हळव्या बायकांचा, ही समजूत अर्धवट आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७५० पेशंटच्या आंतरराष्ट्रीय नोंदीत दहातल्या नऊ बायका होत्या हे खरं, बहुतेकींची पाळी गेलेली. पण मानसिक धक्क्याने झालेले २८ टक्क्यांच्या आसपास, तर दम्याचा झटका, ऑपरेशन, इन्फेक्शन अशा शारीरिक कारणांनी झालेले ३६ टक्के. आणि २८ टक्क्यांहून थोड्या अधिक जणांत कारणच सापडलं नाही. त्याच अभ्यासात हॉस्पिटलमधल्या गंभीर गुंतागुंतींचं प्रमाण हार्ट अटॅकच्या पेशंटइतकंच निघालं. आमच्या रेसिडेंटबाईंनी हे मोबाइलवर काढून जाऊबाईंना वाचून दाखवलं. त्यानंतर नामस्मरण चालू राहिलं, पण डिस्चार्जची घाई थांबली.

पेसमेकरची तार निघाल्यावर बीटा ब्लॉकरची, म्हणजे अ‍ॅड्रिनलिनचा जोर कमी करून ठोके मंद करणारी अगदी लहान गोळी सुरू झाली. ठोके मंद असताना ती मुद्दाम दिली नव्हती. टोक हलत नसल्यामुळे तिथे रक्त साकळू नये म्हणून काही काळ रक्त पातळ करायचं औषध होतं. बीपीची गोळी बदलली. सहा आठवड्यांनंतरच्या एकोत पंपिंग ५८ टक्के, टोक बाकीच्यांसारखं हलतंय. ईसीजीवरची उलटी लाट सरळ व्हायला त्याहून जास्त वेळ लागला, पण क्यूटी जागेवर होता. परत होईल का, हे मी विचारलं. वर्षाला शंभरात एक-दोघांना होतो, म्हणाले.

सध्या आम्ही जाऊबाईंकडे मुलुंडला आहोत. माझ्या पर्समध्ये आधार कार्डाच्या मागे एक लॅमिनेट केलेला कागद असतो: अझिथ्रोमायसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, फ्लुकोनाझोल, ऑनडान्सेट्रॉन, डॉम्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, एस्सिटॅलोप्राम. यातलं काहीही विचारल्याशिवाय नाही. सगळ्यांत जास्त गाठ पडते ती डॉम्पेरिडोनशी. अ‍ॅसिडिटीसाठी आपल्याकडे सर्रास मागतात त्या कित्येक कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोलच्या जोडीला ते असतं, आणि पाकिटावर इतक्या बारीक अक्षरात की चष्मा लावूनही मला नातवाकडून वाचून घ्यावं लागतं. जुलाब-उलट्या झाल्या तर घरच्या घरी काढत बसायचं नाही, पोटॅशियम बघून यायचं, हेही त्याच कागदावर मागे लिहिलंय.

गेल्या महिन्यात खोकला झाला म्हणून इथल्या केमिस्टकडे गेले. पोराने सवयीने अझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची स्ट्रिप काउंटरवर ठेवली. मी कागद पुढे केला. त्याने वरपासून खालपर्यंत वाचला, मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि म्हणाला, "आजी, हे सगळं बंद, मग मी तुम्हाला देऊ काय?"

मी म्हटलं, प्रिस्क्रिप्शन आणते, तोवर हळदीचं पाकीट दे. तर म्हणे ते शेजारच्या वाण्याकडे.